ग्रॅनडाचा शेरलॉक होम्स : ऐकणाऱ्या माणसाची मालिका

खिडकीकाठ (धागाकर्ता)

शेरलॉक होम्सची भूमिका आजवर कितीतरी नटांनी केली, तरी रसिकांची चर्चा फिरून फिरून ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या मालिकेशी आणि तिच्यातील जेरेमी ब्रेट यांच्याशी येऊन थांबते. २४ एप्रिल १९८४ रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर 'अ स्कँडल इन बोहेमिया' हा पहिला भाग दाखवला गेला आणि एप्रिल १९९४ मध्ये 'द कार्डबोर्ड बॉक्स' या भागाने मालिका संपली. या दहा वर्षांत ४१ भाग झाले. त्यांपैकी पाच भाग चित्रपटाच्या लांबीचे होते आणि उरलेले साधारण पन्नास मिनिटांचे. ब्रेट यांचे रोखलेले डोळे, हाताचे एकाएकी होणारे झटके, सोफ्यावरून उडी मारून उठणे, क्षणभर चमकून विझणारे हसू, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. हा नट बोलतो तेव्हा जेवढा मोठा वाटतो, त्याहून तो ऐकतो तेव्हा मोठा वाटतो, आणि ही सबंध मालिकाच ऐकण्याच्या क्रियेभोवती उभी केलेली आहे, असे माझे मत आहे.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या कथांची ठेवण आठवून पाहावी. कोणीतरी घाबरलेला माणूस बेकर स्ट्रीटवरील जिना चढून येतो, खुर्चीत बसतो आणि आपली हकिकत सांगू लागतो. पुढची कित्येक पाने तो एकटाच बोलत असतो. छपाईत हे खपून जाते, कारण वाचक स्वतःच श्रोता होतो. पडद्यावर मात्र एका खोलीत बसून बोलणारी माणसे दाखवायची म्हटली की निर्मात्यांच्या पोटात गोळा येतो. मग हकिकतीची दोन वाक्ये होताच धुके, घोडागाडी आणि किंकाळी दाखवण्याची घाई सुरू होते. ग्रॅनडाच्या मालिकेतही गतघटनांची दृश्ये आहेत, परंतु कॅमेरा त्या दृश्यांतून पुन्हा पुन्हा खोलीत परततो आणि होम्सच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. 'द स्पेकल्ड बँड' मध्ये हेलन स्टोनर भल्या सकाळी थरथरत येते, आणि आपण थंडीने नव्हे तर भीतीने कापत आहोत, असे सांगते. तिची कहाणी चालू असताना ब्रेट यांचा होम्स डोळे मिटून, बोटांची टोके एकमेकांना लावून बसलेला असतो. ही बैठक डॉयल यांनीच लिहून ठेवली आहे. परंतु मिटलेल्या पापण्यांआड मन जागे आहे, हे दाखवणे लेखकाच्या हाती नसते; ते नटालाच करावे लागते. तिच्या तोंडून महत्त्वाचा तपशील निघताच चेहऱ्यावर जे सूक्ष्म बदल होतात, ते पाहून प्रेक्षकाला आपोआप कळते की हा शब्द ध्यानात ठेवला पाहिजे. रहस्यकथेला याहून प्रामाणिक खूण कोणती असू शकेल?

या ऐकण्याचा सर्वांत सुंदर प्रसंग माझ्या मते 'द सिक्स नेपोलियन्स' (१९८६) च्या शेवटी येतो, आणि गंमत अशी की तेथे रहस्य आधीच उलगडलेले असते. कॉलिन जीव्हन्स यांचा पोलीस निरीक्षक लेस्ट्रेड या वेळेपर्यंत सतत होम्सशी बरोबरी करू पाहणारा, किंचित मिरवणारा, किंचित चिडखोर असा रंगवलेला आहे. तो उभा राहतो आणि होम्सला सांगतो की स्कॉटलंड यार्डात आम्ही तुमचा मत्सर करत नाही, आम्हाला तुमचा अभिमान वाटतो, आणि उद्या तुम्ही तेथे आलात तर सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्यापासून सर्वांत नव्या शिपायापर्यंत प्रत्येकाला तुमचा हात हातात घेण्यात आनंद वाटेल. कथेत होम्सचा मित्र आणि निवेदक वॉटसन एवढेच नोंदवतो की होम्स कोमल भावनेने हेलावण्याच्या इतका जवळ आलेला त्याने कधी पाहिला नव्हता. एवढ्या एका ओळीचा अभिनय करायचा होता. ब्रेट तेथे जवळजवळ काहीच करत नाहीत. त्यांना शब्द सुचत नाहीत, आवंढा गिळल्यासारखे होते, आभाराचा एखाद-दुसरा शब्द ते कसाबसा उच्चारतात, आणि लगेच त्यांचा होम्स जुन्या कोरड्या स्वरात कामाकडे वळतो. मत्सराची आणि शत्रुत्वाची सवय असलेल्या माणसाला स्तुती ऐकणे किती अवघड जाते, हे त्या काही सेकंदांत दिसते.

मालिकेमागील तयारीविषयीही लिहिले पाहिजे. डॉयल यांचे निधन १९३० साली झाले आणि तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यानुसार ५० वर्षांनी, म्हणजे १९८० च्या अखेरीस, तेथील स्वामित्वहक्क संपले. निर्माते मायकेल कॉक्स यांनी ती संधी साधली आणि जॉन हॉक्सवर्थ यांनी कथांच्या मांडणीची जबाबदारी घेतली. होम्स व वॉटसन यांच्या सवयी, कपडे, तंबाखू, खोलीतील वस्तू यांची कथांमधून वेचलेली माहिती एकत्र करून एक टिपणवही तयार करण्यात आली आणि ती चित्रीकरण करणाऱ्या मंडळींच्या हाती देण्यात आली. मँचेस्टरमधील ग्रॅनडाच्या आवारात बेकर स्ट्रीटचा पूर्ण आकाराचा रस्ता उभारला गेला. 'स्ट्रँड' मासिकातील सिडनी पॅजेट यांची चित्रे समोर ठेवून अनेक दृश्यांची रचना केली गेली, त्यामुळे ती चित्रे परिचित असलेल्या वाचकाला मधूनच एखादी चौकट ओळखीची वाटते. होम्सच्या डोक्यावरची ती दोन्हीकडे झापड असलेली टोपीसुद्धा येथे शहरात दिसत नाही. ती प्रवासात आणि खेड्यापाड्यांतच चढते, कारण लंडनच्या रस्त्यावर त्या काळचा सभ्य गृहस्थ तशी टोपी घालून हिंडला नसता. ब्रेट स्वतः कथांची प्रत जवळ बाळगत आणि संहिता मूळ मजकुरापासून दूर जाऊ लागली की वाद घालत, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे.

या मालिकेतील वॉटसन, मूळ कथांशी असलेली निष्ठा आणि शेवटच्या पर्वांतील घसरण यांविषयी जाणकारांची मते वाचायला आवडतील.

अर्धविराम

धाग्याचा विषय ऐकणे हा असेल, तर सर्वांत मोठा श्रोता वॉटसन आहे आणि त्याच्याविषयी सविस्तर लिहिल्यावाचून ही चर्चा पुरी होणार नाही. बेसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांचे १९३९ ते १९४६ या काळात आलेले १४ चित्रपट अतिशय लोकप्रिय झाले, पण त्यांनी वॉटसनला भोळसट, धांदरट म्हातारा करून ठेवले आणि पुढे कित्येक वर्षे लोकांच्या मनात तीच प्रतिमा राहिली. मूळ कथांतील वॉटसन शल्यविशारद आहे, अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत जखमी होऊन परतलेला लष्करी डॉक्टर आहे आणि मुख्य म्हणजे तो उत्तम लेखक आहे. असा माणूस मूर्ख असेल तर होम्ससारखा मनुष्य त्याच्याबरोबर एका घरात आठवडाभर तरी राहील का?

डेव्हिड बर्क यांनी पहिल्या दोन पर्वांत, म्हणजे १३ भागांत, हा अन्याय दूर केला. त्यांचा वॉटसन तरुण आहे, चटकन हसतो, स्त्रियांशी अदबीने वागतो, होम्सच्या तर्कपद्धतीची परीक्षा घेऊ पाहतो आणि चुकतो. 'द सॉलिटरी सायक्लिस्ट' मध्ये होम्स त्याला एकट्याला पाळत ठेवण्यासाठी पाठवतो, तो आपल्या परीने सगळे पाहून येतो, आणि होम्स त्याचे काम किती वाईट झाले हे निर्दयपणे सांगतो. त्या वेळी बर्क यांच्या चेहऱ्यावर प्रथम विश्वास न बसणे, मग दुखावणे आणि शेवटी 'बरे, तुमचेच खरे' अशी समजूतदार शरणागती एकापाठोपाठ एक उमटत जाते. पुढे त्यांनी पत्नीसह रॉयल शेक्सपिअर कंपनीत काम करण्यासाठी मालिका सोडली आणि आपल्या जागी एडवर्ड हार्डविक यांचे नाव त्यांनीच सुचवले.

मालिकेच्या मधोमध मुख्य नट बदलणे हे एरवी आत्मघातकी ठरते. येथे मात्र बदलाला कथेनेच जागा दिली. 'द फायनल प्रॉब्लेम' मध्ये होम्स रायखेनबाखच्या धबधब्यात नाहीसा होतो, 'द एम्प्टी हाउस' तीन वर्षांनी सुरू होते, आणि हार्डविक यांचा वॉटसन अधिक प्रौढ, अधिक शांत, दुःख पचवलेला असा समोर येतो. नवा चेहरा पाहून प्रेक्षकाला वाटणारी अनोळख आणि मित्र गेल्यानंतर माणसात पडलेला फरक, या दोन गोष्टी तेथे एकमेकींत मिसळून जातात. कीर्तनात बुवांच्या मागे उभा असलेला टाळकरी स्वतः निरूपण करत नाही, पण त्याने सूर धरला नाही तर बुवांचे निरूपणही उभे राहत नाही. हार्डविक यांनी आठ वर्षे तो सूर धरून ठेवला.

'द डेव्हिल्स फूट' (१९८८) मधील प्रयोगाचा प्रसंग मी मुद्दाम नोंदवतो. कॉर्नवॉलमधील त्या घरात होम्स विषारी पूड दिव्यावर टाकतो आणि वॉटसनला उघड्या खिडकीजवळ बसवतो. धूर पसरू लागतो, होम्सला भयानक भास होऊ लागतात, आणि वॉटसन त्याला ओढून बाहेर मोकळ्या हवेत आणतो. भानावर येता येता होम्सच्या तोंडून 'जॉन!' अशी हाक निघते. कथांमध्ये होम्स मित्राला कधीही पहिल्या नावाने हाक मारत नाही. मूळ मजकुरासाठी भांडणाऱ्या नटाने मूळ मजकुरात नसलेला हा एकच शब्द घातला, आणि तो अशा ठिकाणी घातला की डॉयल यांनाही तो खटकला नसता, असे मला वाटते.

जुनी_वही

धागा उत्तम आहे, तरीही दोन हरकती नोंदवतो.

पहिली अशी की वॉटसनचा उद्धार ग्रॅनडाने केला असे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे. सोव्हिएत रशियात लेनफिल्मने १९७९ पासून इगोर मास्लेन्निकोव यांच्या दिग्दर्शनाखाली होम्सकथांवर दूरचित्रपट केले. त्यांत वासिली लिवानोव होम्स होते आणि विताली सोलोमिन वॉटसन. सोलोमिन यांचा वॉटसन ग्रॅनडाच्या पाच वर्षे आधी तितकाच बुद्धिमान, सुसंस्कृत आणि स्वाभिमानी होता. या लिवानोव यांना पुढे ब्रिटिश सरकारने मानद सन्मानही दिला.

दुसरी हरकत निष्ठेबद्दल. या मालिकेच्या चाहत्यांनी 'मूळ कथेशी प्रामाणिक' हे शब्द इतक्या वेळा वापरले आहेत की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. 'द रेड-हेडेड लीग' या मूळ कथेत होम्सचा कट्टर शत्रू मोरिआर्टी याचा मागमूस नाही. मालिकेत तोच त्या दरोड्याचा सूत्रधार आहे. 'द फायनल प्रॉब्लेम' च्या सुरुवातीला लूव्ह्रमधून मोनालिसा चोरीला जाते, आणि ही सगळी भर पटकथेची आहे. 'द मसग्रेव्ह रिच्युअल' ही होम्सच्या तरुणपणची, वॉटसनची ओळख होण्यापूर्वीची घटना; मालिकेत वॉटसन तेथे हजर असतो, आणि कोड्यातील ओक वृक्षाऐवजी घराच्या छपरावरील ओकच्या आकाराचे वातकुक्कुट येते. 'द साइन ऑफ फोर' मध्ये वॉटसनचे मेरी मॉर्स्टनशी लग्न ठरते, मालिकेत ती निघून जाते आणि वॉटसन आजन्म अविवाहित राहतो. 'द लास्ट व्हँपायर' विषयी तर न बोललेलेच बरे. मला ही मालिका आवडते, परंतु ती मूळ कथांची सहीसही नक्कल आहे असे कोणी म्हणू नये.

खिडकीकाठ (धागाकर्ता)

लिवानोव-सोलोमिन जोडीबद्दलचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि ज्यांनी ते चित्रपट पाहिले नाहीत त्यांनी ते अवश्य पाहावेत.

निष्ठेच्या बाबतीत मात्र मला भेद करावासा वाटतो. आपण दिलेले बदल बारकाईने पाहिले तर बहुतेक बदल वॉटसनला होम्सच्या शेजारी ठेवण्यासाठी केलेले दिसतात. त्याचे लग्न झाले असते तर तो बेकर स्ट्रीट सोडून गेला असता आणि प्रत्येक भागात त्याला परत आणण्याची खटपट करावी लागली असती. डॉयल यांना ती करावी लागली आणि त्या नादात वॉटसनच्या संसाराच्या तारखांचा जो घोळ झाला, तो अभ्यासक आजही निस्तरत आहेत. 'मसग्रेव्ह' मूळ स्वरूपात ठेवला असता तर होम्स एकटाच अंगणात पावले मोजत फिरला असता. कथेत तो मागाहून वॉटसनला सगळे सांगतो, म्हणून ती चालते. जेरेमी पॉल यांच्या पटकथेने सांगण्याची चौकट काढून टाकली, पण ऐकणारा माणूस जागच्या जागी आणून बसवला. वॉरिकशायरमधील बॅडस्ली क्लिंटन या खंदकाने वेढलेल्या जुन्या वाड्यात त्याचे चित्रीकरण झाले आणि त्या वाड्यात दोघांना एकत्र फिरताना पाहून मला तरी मूळ कथेची उणीव भासत नाही.

मोरिआर्टीचेही तसेच आहे. डॉयल यांनी त्याला होम्सला मारण्यापुरते एकाएकी निर्माण केले. वाचकाने ते मान्य केले, पण दर आठवड्याला पाहणाऱ्या प्रेक्षकाने पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातून नायकाचा अंत का सहन करावा? एरिक पोर्टर यांचा चेहरा एक भाग आधी दाखवणे ही माफक आणि समंजस तडजोड होती. मोनालिसाचे प्रकरण मात्र मलाही अनावश्यक वाटते.

दर्यावर्दी

होम्सकथा भारतीय वाचकाने वाचताना एक तिसरीच गोष्ट जाणवते, तिचा उल्लेख येथे व्हावा. या कथांत लंडनमधील कितीतरी पापांचे मूळ हिंदुस्थानात असते. 'द साइन ऑफ फोर' मधील खजिना आग्र्याच्या किल्ल्यातला, १८५७ च्या धामधुमीत हाती लागलेला. 'द क्रुकेड मॅन' मधील विश्वासघातही त्याच उठावाच्या काळातला. 'स्पेकल्ड बँड' मधील डॉ. रॉयलट कलकत्त्यात डॉक्टरी करून परतलेला आणि 'द एम्प्टी हाउस' मधील कर्नल मोरान हिंदुस्थानातील सैन्यात वाघांची शिकार केलेला. डॉयल स्वतः येथे कधी नोकरीला नव्हते, आणि ते दिसते. 'साइन ऑफ फोर' मधील एका शीख माणसाचे नाव महोमेट सिंग आहे आणि दुसऱ्याचे अब्दुल्ला खान! 'स्पेकल्ड बँड' मधील 'दलदलीतला विषारी साप' भारतात कोठेही आढळत नाही. तो बशीतले दूध पिऊन माणसाळतो हे वाचून इंग्रज वाचक भले हसोत. नागपंचमीला नागापुढे दुधाची वाटी ठेवणाऱ्या आपण मंडळींनी मात्र डॉयल यांना फार नावे ठेवू नयेत.

मालिकेने या भागाचे काय केले, हा प्रश्न आहे. १९८७ चा 'साइन ऑफ फोर' नटांच्या बाबतीत श्रीमंत आहे. जॉन थॉ यांचा जोनाथन स्मॉल तर खलनायक वाटतच नाही; लाकडी पायाचा, कष्टाने झिजलेला, फसवला गेलेला माणूस वाटतो, आणि शेवटी तो आपली दीर्घ कहाणी सांगू लागतो तेव्हा धागाकर्त्यांचा ऐकण्याचा मुद्दा पुन्हा खरा ठरतो. रोनाल्ड लेसी यांनी शोल्टो बंधूंच्या दोन्ही भूमिका केल्या आहेत आणि थॅडियसच्या घरातील पौर्वात्य सजावटीची हौस व तिच्यातील पोकळपणा उत्तम दाखवला आहे. परंतु स्मॉलचा अंदमानी साथीदार टोंगा हा कादंबरीतल्यासारखाच, माणूस कमी आणि भीतीचे बुजगावणे जास्त, असा राहिला. १८९० साली लिहिणाऱ्या लेखकाचे अज्ञान समजू शकते. १९८७ साली ते तसेच पडद्यावर ठेवताना कोणालातरी अडखळायला हवे होते. अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल उभा राहतो. ही कादंबरी त्या बांधकामाच्याही आधीची आहे, पण कैद्यांची वसाहत १८५८ पासून तेथे होती आणि स्मॉल याच वसाहतीत शिक्षा भोगत असतो. त्या वसाहतीविषयी कादंबरीत जेवढे आहे, तेवढ्यावरच मालिका थांबली. मूळ मजकुराशी निष्ठा राखण्याची किंमत असते, आणि येथे ती चुकवावी लागली, एवढेच मला म्हणायचे आहे.

शुक्रतारा

पॅट्रिक गॉवर्स यांच्या संगीताचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहितो. शीर्षकगीताची सुरुवात एकट्या व्हायोलिनने होते आणि पडद्यावर बेकर स्ट्रीटची वर्दळ दिसत असताना होम्स वरच्या खिडकीतून ती पाहत असतो. हीच धून पुढे भागांत कधी मंद गतीत, कधी विनोदी अंगाने, कधी ओळखू न येईल इतकी बदलून येते. होम्स स्वतः व्हायोलिन वाजवतो, त्यामुळे पार्श्वसंगीत त्याच्याच खोलीतून येत असल्यासारखे वाटते. रोझली विल्यम्स यांच्या मिसेस हडसनबद्दलही सांगितले पाहिजे. कथांत बहुतांशी नावापुरती येणारी ही घरमालकीण येथे नुसत्या चेहऱ्यावरून त्या बिऱ्हाडाची सगळी कटकट आणि माया सांगून जाते.

अर्धविराम

शेवटच्या पर्वांविषयी धागाकर्त्यांनी विचारले होते. घसरण झाली हे नाकारण्यात अर्थ नाही, पण तिची कारणे समजून घेतली तर निवाडा थोडा सौम्य होईल. १९८५ मध्ये ब्रेट यांच्या पत्नी जोन विल्सन यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर त्यांचा मानसिक आजार बळावला, त्यांना रुग्णालयात राहावे लागले आणि लिथियमचे उपचार सुरू झाले. लहानपणीच्या संधिज्वराने हृदय आधीच कमकुवत झालेले होते. औषधांमुळे शरीरात पाणी साठू लागले, चेहरा सुजला, श्वास लागू लागला. १९८४ चा तो सडसडीत, पॅजेट यांच्या चित्रातून उतरल्यासारखा होम्स १९९४ मध्ये ओळखू येत नाही. 'द मॅझरिन स्टोन' च्या वेळी ते इतके आजारी होते की बहुतेक काम चार्ल्स ग्रे यांच्या मायक्रॉफ्टकडे, म्हणजे होम्सच्या थोरल्या भावाकडे, सोपवावे लागले. 'द गोल्डन पिन्स-ने' मध्ये हार्डविक उपलब्ध नव्हते, म्हणून वॉटसनच्या जागीही मायक्रॉफ्टच आला, आणि ग्रे कितीही चांगले असले तरी तो भाग अपंग वाटतो. थोरला भाऊ ऐकत नाही, तो परीक्षण करतो. तेथे होम्सला बोलायला माणूसच उरत नाही. १२ सप्टेंबर १९९५ रोजी ब्रेट गेले, तेव्हा ते ६१ वर्षांचे होते.

दीर्घ भागांचे अपयश मात्र आजारावर ढकलता येणार नाही. 'द लास्ट व्हँपायर' आणि 'द एलिजिबल बॅचलर' (दोन्ही १९९३) यांत छोट्या कथा ताणून दुप्पट केल्या, आणि रिकामी जागा स्वप्ने, शाप आणि वेडाने भरली. होम्सला स्वप्ने पडून गुन्हा सुटू लागला की तर्काचे काय काम उरते? याला अपवाद 'द मास्टर ब्लॅकमेलर' (१९९२). रॉबर्ट हार्डी यांचा मिल्व्हर्टन इतका सभ्य, इतका गोड बोलणारा आहे की त्याची किळस येते. होम्स नळदुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा वेश घेऊन मिल्व्हर्टनच्या मोलकरणीशी सलगी करतो, हे कथेत दोन ओळींत उरकलेले आहे. मालिकेत ती मुलगी त्याच्याकडे चुंबन मागते आणि तो सांगतो की ते कसे घेतात हे मला ठाऊक नाही. सोंग घेतलेल्या माणसाच्या तोंडून निघालेले हे वाक्य सोंगाचे आहे की खरे, ते ब्रेट कळू देत नाहीत. पीटर हॅमंड यांचे दिग्दर्शन आरसे, काचा आणि पडदे यांतून डोकावत राहते. अनेकांना ते जड वाटते, परंतु चोरून मिळवलेल्या पत्रांवर जगणाऱ्या माणसाच्या गोष्टीला ते शोभते, असे माझे मत आहे.

जुनी_वही

घसरणीबद्दल सहमत आहे, आणि 'द कार्डबोर्ड बॉक्स' ला मात्र त्या घसरणीत धरू नये, अशी पुस्ती जोडतो. डॉयल यांची ही कथा ऑगस्टच्या उकाड्यात घडते. मालिकेने ती नाताळच्या थंडीत नेली. बदल मोठा आहे, तरी येथे मला तो पटला. दोन माणसांच्या मत्सरातून झालेले खून उलगडल्यावर दुःखाच्या, हिंसेच्या आणि भीतीच्या या चक्राने कोणता हेतू साधतो, असे होम्स विचारतो. ते शब्द डॉयल यांचे आहेत. ब्रेट यांच्या थकलेल्या, जड झालेल्या आवाजात ते १९८४ साली शोभले नसते. तारुण्यात जिभेवर शस्त्रक्रिया करून घेऊन, रोज सराव करून त्यांनी आपला उच्चार कमावला होता. शरीर साथ देईनासे झाले तेव्हाही आवाजाने त्यांना सोडले नाही.

दर्यावर्दी

माझ्या घरातील तरुण मंडळींनी २०१० नंतरचा आधुनिक लंडनमधील होम्स आधी पाहिला आहे. त्यांना ग्रॅनडाची मालिका दाखवायची झाल्यास कोठून सुरुवात करावी, यावर जाणकारांनी सुचवावे. पहिल्या भागापासून क्रमाने बघण्याचा आग्रह धरला तर ती तिसऱ्या भागात उठून जातील अशी मला धास्ती आहे.

खिडकीकाठ (धागाकर्ता)

क्रमाचा आग्रह मीही धरणार नाही, तरी 'बोहेमिया' गाळू नये. त्याच्या सुरुवातीला बाहेरगावाहून परतलेला वॉटसन खोलीत शिरतो आणि आज मॉर्फिन की कोकेन, असे रागाने विचारतो. हा संवाद 'साइन ऑफ फोर' मधून उचलून पहिल्या भागात आणला आहे, आणि त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच होम्सची बुद्धी, त्याला येणारा कंटाळा आणि मित्राची काळजी, असे सगळे सांगून होते. या व्यसनाचा शेवट 'डेव्हिल्स फूट' मध्ये आहे, जेथे होम्स समुद्रकाठच्या वाळूत सुई पुरून टाकतो; त्यासाठी ब्रेट यांनी डॉयल यांच्या कन्या डेम जीन यांची संमती घेतली होती. म्हणून हे दोन भाग आधी-नंतर या क्रमानेच पाहावेत.

मध्ये 'द ब्लू कार्बंकल' दाखवा, कारण त्यात खून नाही, नाताळचे वातावरण आहे आणि होम्स चोराला सोडून देतो. त्यानंतर 'द अॅबी ग्रेंज', ज्यात वॉटसनला एकट्याला ज्यूरी करून निकाल द्यायला लावलेला आहे. 'द सेकंड स्टेन' च्या शेवटी होम्स आनंदाने हवेत उडी मारतो आणि चित्र तेथेच गोठते. ही उडी आवडली नाही तर त्या मंडळींना मालिका आवडणार नाही, असे खुशाल समजावे. 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' (१९८८) ने मात्र सुरुवात करू नये. सर्वांत प्रसिद्ध कथा म्हणून लोक तोच भाग आधी लावतात आणि निराश होतात, कारण त्या भागात होम्स बराच वेळ दिसतच नाही आणि कुत्राही फारसा भीती घालत नाही. 'सिक्स नेपोलियन्स' शेवटी ठेवा. लेस्ट्रेडचे ते बोलणे कळण्यासाठी त्याआधी त्याच्याशी झालेल्या चार-सहा कुरबुरी पाहिलेल्या असाव्या लागतात.